उठवल्याचे गुण

आमच्या लीगचे नियम इंगळे मॅडमनी केले असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मोबाईलवरच्या बंदुकांच्या खेळाला कबड्डीच्या पंचबाईनं नियम घालून दिले, तेही सत्तरी गाठल्यावर, यात ज्यांना गंमत वाटते त्यांच्याशी पूर्वी मी भांडायचो. मॅडम गेल्यापासून भांडत नाही. एवढंच म्हणतो, की तसा एक नियम करून दाखवा आणि मग खुशाल दात काढा.

अमरावतीला रुक्मिणी नगरात त्यांचं घर होतं. खाली त्या एकट्या राहायच्या, वरच्या खोलीत भाड्यानं मी. मी औषध कंपनीचा फिरता माणूस, आठवड्यातले निम्मे दिवस परतवाडा, दर्यापूर, मोर्शी असा हिंडायचो. माझं नाव त्यांना चांगलं माहीत होतं, पण त्यांनी ते कधी घेतलं नाही. मी 'वरचा' होतो. "ए वरच्या, नळ आले, टाकी पाह्य." पुढं माझी अकोल्याला बदली झाली, खोली सुटली, तरी फोनवर मी वरचाच राहिलो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

शाळेत त्या पीटीच्या बाई होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती शाळेच्या हिशेबानं. रस्त्यात कोणी पोक काढून चाललेलं दिसलं की मॅडम एकच शब्द बोलायच्या, "पाठ." ओळखीचा असो नसो. भाजीवाला झाला, बँकेतला साहेब झाला, गॅसवाला झाला. एका लग्नात आम्ही बरोबर गेलो होतो. स्टेजवर जाऊन आहेराचं पाकीट देता देता त्या नवरदेवाला म्हणाल्या, "पाठ." त्या बिचाऱ्याचे पुढचे सगळे फोटो परेडला उभं राहिल्यासारखे आले. मीसुद्धा आत्ता हे लिहिताना दोनदा सरळ होऊन बसलो आहे.

त्यांच्या दाराच्या मागं खिळ्याला एक पितळी शिटी लटकलेली असायची. आणि दर रविवारी सकाळी त्या अंगणात टेबल मांडून एक पांढरा पंजाबी ड्रेस खळ घालून कडक इस्त्री करायच्या, पांढरे कॅनव्हासचे बूट खडूनं पुसून उन्हात ठेवायच्या. तो ड्रेस त्यांनी घातलेला मी वर्षानुवर्षं पाहिला नाही. एकदा विचारलं, "मॅडम, कुठं जाचं हाय का?" म्हणाल्या, "नाई." आणि इस्त्री चालूच.

आता लीग. इथंच लोकांचा घोळ होतो म्हणून आधी सांगून टाकतो. मोबाईलवर एक खेळ आहे. चार-चार जणांचे संघ विमानातून बेटावर उड्या मारतात, एकमेकांना टिपतात, शेवटी जो संघ उरतो तो जिंकला. याचे व्यावसायिक संघ असतात, पगारी खेळाडू असतात, मोठमोठ्या स्पर्धा होतात आणि आमच्यासारखे लाखो लोक त्या फोनवर बघतात. आमचा आठ मित्रांचा कंपू होता, निम्मे अमरावतीचे, निम्मे अकोल्याचे. स्पर्धेच्या आधी आम्ही प्रत्येकानं त्या खऱ्या खेळाडूंमधून आपापला एक कागदावरचा संघ निवडायचा. ते खेळाडू सामन्यात जे काही करतील त्याचे गुण आम्हाला. याला फॅन्टसी लीग म्हणतात. खेळायचे ते आणि भांडायचो आम्ही.

भांडायचो म्हणजे काय, एका रविवारी माझ्या खोलीत जमलो होतो तेव्हा तर पार गच्चीला हादरे बसले. भांडण चेतनचं आणि प्रणालीचं होतं. चेतन अकोल्याचा, इंजिनिअरिंगपासूनचा आमचा मित्र, गळा असा की लाऊडस्पीकर विकावा. प्रणाली दर्यापूरची, आमच्याच वर्गातली, आता अमरावतीला सरकारी नोकरीत. बोलायची कमी, पण एकदा धरलं की सोडायची नाही. सामना सुरू झाल्यावर चेतनचा एक गडी बेटावर उतरता उतरताच मेला, तर या पठ्ठ्यानं तो गुपचूप काढून दुसरा घेतला होता. प्रणालीनं पकडलं. चेतन म्हणे, चालते. प्रणाली म्हणे, नाई चालत. बाकीचे आम्ही दोन्हीकडून बोंबलत होतो.

तेवढ्यात जिन्यात शिटी वाजली. बंद जागेत तसली शिटी मी जन्मात ऐकली नव्हती. सगळे जागच्या जागी गप्प. मॅडम दारात उभ्या होत्या.

"भांडन कायचं हाय?"

चेतन म्हणाला, "मॅडम, गेमचं हाय. तुमाले नाई समजनार."

"मले भांडन समजते. गेम मंग समजून घेईन. नियम काय हाय तुमचा?"

"नियम असा काही नाई. आमच्यात समजून असते."

"समजून असती तर मी हे गुडघे घेऊन जिना चढली असती का?" मग त्याच्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "गाव कोनतं तुहं?"

"अकोला. म्हंजे तसे आमी बाळापूरकडचे. ढोरे."

"हं," एवढंच म्हणाल्या. त्या 'हं'चा अर्थ कळायला मला फार काळ गेला.

मग त्यांनी माझी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली. बसण्याआधी वाकून फरशीला हात लावला आणि कपाळाला लावला. मैदानात उतरताना कबड्डीचे खेळाडू लावतात तसा. आम्हाला हसू येत होतं, पण कोणी हसलं नाही. म्हणाल्या, "इमानातून पयला गडी उडी मारन तवा शिटी. शिटीच्या नंतर ज्याचा गडी मेला त्याचा मेला. बदली नाई. तुहा गडी मेला, चेतन. आता बस." चेतन बसला. आमच्या लीगचा पहिला नियम असा झाला आणि तो आजही तसाच आहे.

दुसरा नियम मागितला तर देईनात. म्हणाल्या, "मी खेळ पाह्यला नाई अजून. न पाहता नियम करनारे देशात लय हायेत, त्यायच्यात माही भरती नको." मग रोज संध्याकाळी त्यांच्या टेबलावर माझा लॅपटॉप. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि मी समजावून सांगायचो. हे वर्तुळ लहान होत जातं, याच्या बाहेर राहिला तो मरतो. "म्हंजे मैदान आकसते. बरं हाय. पळपुट्यायची सोय नाई." स्पर्धेचे समालोचक हिंदीत घसा फाटेपर्यंत ओरडायचे ते त्यांना सहन व्हायचं नाही. "हे दोघं काहून बोंबलून राह्यले? बंद कर." म्हणून आम्ही आवाज बंद करून बघायचो. शेंगा सोलल्याचा आवाज आणि पडद्यावर मुकी लढाई. एखाद्या खेळाडूचा चेहरा कोपऱ्यातल्या चौकटीत दिसला की हमखास, "पाठ पाह्य याची. बावीस वर्षाचा असन आन् धनुष्य झाला."

एके दिवशी त्यांचा हात शेंगेवर थांबला. पडद्यावर एक खेळाडू जखमी होऊन रांगत होता आणि त्याचा साथीदार धुरातून पळत येऊन त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला होता.

"हा बसून काय करून राह्यला?"

"त्याले उठवून राह्यला, मॅडम. गोळी लागून पडला की लगेच मरत नाई. साथीदारानं येऊन उठवलं तर परत खेळते."

"म्हंजे गडी जिवंत केला."

"हो."

"आन् उठवनाऱ्याले कोनी मारलं तर?"

"मरते. लय वेळा मरते. बसल्याजागी हालता येत नाई ना."

"मंग याचे किती गुन देता तुमी?"

"याचे काही नाई. मारल्याचे दोन असतात गड्यामागं, शेवटपर्यंत टिकला तर एक."

मॅडमनी शेंगांची परात बाजूला सरकवली. "तुमी खेळ पाहून राह्यले का मुडदे मोजून राह्यले?" त्या खरंच चिडल्या होत्या. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्या संघानं गुण घेतला की जिवंत होऊन आत येतो. त्यांचं म्हणणं, अख्ख्या खेळाचा जीव त्यात आहे. मेलेला परत येतो हेच नसेल तर मग पोरांनी एकमेकांचे पाय ओढण्यात काय ठेवलंय.

पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावून त्यांनी सांगितलं, गडी उठवल्याचे दोन गुण. चेतन उसळला. "मॅडम, मारनं आन् उठवनं सारखं कसं?"

"सारखं नाई. उठवनं भारी हाय. पन तुमाले पचनार नाई म्हनून सारखं ठेवलं."

"आन् उठवला आन् दुसऱ्या सेकंदाले परत मेला तर? तवाबी गुन?"

"तुहा बाप जलमला आन् पुढं कवातरी मरनार हाय, म्हनून तो जलमलाच नाई का? जिवंत झाला तर झाला. पुढचं पुढं." त्या दिवसापासून हा नियम तो 'म्हातारीचा नियम' म्हणून सांगायचा, पण मोडायची त्याची टाप नव्हती.

मोठा पेच अजून राहिलाच होता. त्या स्पर्धांमध्ये एक नामी खेळाडू होता, आम्ही त्याला 'पैलवान' म्हणायचो. टिपायला त्याच्यासारखा कोणी नाही. त्यामुळं आम्ही आठही जण त्यालाच घ्यायचो आणि मग लीगमध्ये काही अर्थच उरायचा नाही. बाहेरच्या लीगमध्ये यावर नाना उपाय करतात. मॅडमनी विचारलं, "लहानपनी तुमी गडी कसे पाडत होते?" आम्हाला एकदम आठवलं. सारख्या ताकदीच्या दोन पोरांनी गळ्यात हात घालून लांब जायचं, गुपचूप नावं ठरवायची आणि येऊन दोन्ही कप्तानांना विचारायचं, कोणी घ्या आंबा, कोणी घ्या चिंच. जो मागितला तो पदरात. "तेच करा," मॅडम म्हणाल्या. "जोड्या मी लावीन. नावं मी ठेवीन. कोन दोघं मागतीन ते चिठ्ठ्या टाकून काढा. एक गडी एकाच्याच घरी."

चेतन म्हणाला, "मॅडम, जगात अशी लीग कुठी नाई."

"जगाले सांग, माह्याकडून घेऊन जाय."

आणि पैलवानाची जोडी त्यांनी कोणाशी लावावी? त्याच्याच संघातल्या एका खालमानेच्या पोराशी. हा पोरगा फार टिपायचा नाही, सगळा वेळ साथीदारांना उठवत फिरायचा. आम्ही त्याला 'कंपाउंडर' म्हणायचो. आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, ही जोडी बरोबरीची नाही. "मले बरोबरीची दिसते. तुमच्यात पंच कोन हाय?" आणि स्वतः मात्र कधी संघ घेतला नाही. फार आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "पंचाले टीम नसते, वरच्या. टीम असली की डोळा एकीकडं जाते."

माझी अकोल्याला बदली झाल्यावर एकदा चेतनकडे जठारपेठेत जेवायला गेलो होतो. चेतन वाढता वाढता मॅडमच्या नावानं खडे फोडत होता. त्याचे वडील, शंकरकाका, मुकाट्यानं जेवत होते. ते एकदम म्हणाले, "कोन इंगळे? पीटीवाली? पितळी शिटीवाली?"

"हो. तुमी कसे ओळखता?"

काकांनी हात धुतला. ताट अर्धं होतं. "त्या बाईशी वाद घालू नको. हरशील." मग सांगू लागले. "मी कबड्डीचा कप्तान होतो तवाची गोष्ट. बाळापूरकडं एका गावात मोठे सामने ठेवले होते. पंच हेच बाई. मानसायच्या सामन्याले बाई पंच, म्हनून लोकं आधीच हसून राह्यले होते. शेवटची चढाई माही. चौघायनं धरलं मले, मातीत लोळवलं. मी घसटत गेलो आन् ह्या बोटाचं नख मधल्या रेषेले लावलं. कोनाले दिसलं नाई. तिले दिसलं. चौघंबी बाद, लोण, ढाल आमची. आता ज्यानं सामने ठेवले होते तो तिथला मोठा मानूस, आन् हरलेली टीम त्याच्याच घरची. तो म्हने, बाई, निर्नय बदल. बाई म्हने, शिटी वाजली. तो म्हने, मंग वापस जाले जीप नाई भेटत, आन् यापुढं जिल्ह्यात शिटीबी नाई भेटत. हे खुर्चीवर बसूनच राह्यली. लोकं गेले, मांडव सुटला, बाकीच्या खुर्च्या उचलल्या, बाई बसूनच."

"आन् तुमी?" चेतननं विचारलं.

"आमी ढाल घेतली, जेवलो आन् मंग ट्रॅक्टरवर बसून निंगालो. त्या मानसाशी वाकडं घ्याची कोनाची छाती नव्हती. तवापर्यंत बाई भर उन्हाची पायी निंगाली होती बाळापूरले. रस्त्यानं आमच्या ट्रॅक्टरनं तिले मांगं टाकलं."

त्यानंतर मॅडमना जिल्ह्याच्या सामन्यांना कोणी बोलावलं नाही. शाळेतली नोकरी चालू होती, पोरींना शिकवत होत्या, पण पंच म्हणून खुर्ची कायमची गेली. मला त्या रविवारच्या इस्त्रीचा अर्थ तेव्हा कळला. चेतन त्या दिवसापासून 'म्हातारीचा नियम' असं म्हणायचा बंद झाला. पुढच्याच महिन्यात तो एकटा अमरावतीला गेला आणि त्यांना आमंत्रण देऊन आला. अकोल्यात लीग मोठी करायची, मंगल कार्यालय घ्यायचं, मोठा पडदा लावायचा, बाहेरच्यांनाही भाग घेऊ द्यायचा. पैसे लावायचे नाहीत, जिंकेल त्याला ढाल. मॅडमनी दोनच प्रश्न विचारले.

"पंच कोन?"

"तुमी."

"नियम?"

"तुमचेच. सगळे."

त्या दिवशी मी त्यांना घ्यायला अकोल्याच्या स्टँडवर गेलो. एसटीतून त्या उतरल्या तर अंगावर तो पांढरा ड्रेस, पायात पांढरे बूट, गळ्यात शिटी. प्रवासात सुरकुती पडू नये म्हणून अमरावतीपासून सीटच्या कडेला बसून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "काय पाहून राह्यला वरच्या? रिक्षा कर." आवाज नेहमीचाच होता, पण चेहरा उजळला होता.

कार्यालय गच्च भरलं होतं. चेतनची एक चूक झाली होती. ते कार्यालय त्याला फुकट मिळालं होतं, आणि ज्यांनी दिलं त्या पुढाऱ्यांना सगळे नुसतं 'भाऊ' म्हणायचे; जिल्ह्याच्या कबड्डीतही त्यांचाच शब्द चालायचा. भाऊंच्या हातून ढाल द्यायची ठरली होती. आणि भाऊंचा पुतण्या सनी यानं संघ उतरवला होता. मॅडमनी फरशीला हात लावून कपाळाला लावला आणि खुर्चीवर बसल्या. पहिल्या रांगेतली पोरं खुसखुसली. सगळ्यात मागच्या रांगेत शंकरकाका बसले होते, त्यांना हा खेळ ओ की ठो कळत नव्हता.

गडी पाडताना सनीनं आंबा मागितला, त्याला पैलवान मिळाला. जोडीतली चिंच प्रणालीकडे गेली, म्हणजे कंपाउंडर. सनीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यावर दिवसभर सामने चालले आणि शेवटचा सामना आला तेव्हा ही दोघंच पुढं होती. वर्तुळ अंगणाएवढं उरलं होतं. पैलवान गोळी लागून पडला. कंपाउंडर धुरातून धावत आला, गुडघ्यावर बसला. समोरून गोळ्या येत होत्या. तो हलला नाही. पैलवान उठून उभा राहिला, आणि त्याच क्षणी बॉम्ब पडून दोघंही मेले.

सामना संपला. बाकीचे सगळे गुण धरून सनी एका गुणानं पुढं होता. त्या शेवटच्या उठवण्याचे दोन धरले तर प्रणाली. सगळं कार्यालय मॅडमकडे बघायला लागलं.

भाऊंचा एक माणूस हसत हसत त्यांच्या खुर्चीशी आला. मी शेजारीच उभा होतो. "मॅडम, गडी उठला आन् मेला. त्याचे कायचे गुन? सोडून द्या ना. भाऊ म्हनते, जिल्ह्याच्या कबड्डीले यंदा तुमालेच मुख्य पंच करू. भाऊंचा शब्द हाय."

"कबड्डीले?" मॅडम म्हणाल्या.

"हो ना. मुख्य पंच."

त्यांनी शिटी मुठीत धरली. इतकी वर्षं ती इस्त्री ज्याच्यासाठी चालली होती ते त्या माणसानं आणून समोर ठेवलं होतं, आणि मागत काय होता, तर मोबाईलच्या खेळातले दोन गुण. माझ्या मनात आलं, हो म्हणा मॅडम, कोणाला काय फरक पडतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही हे बरं झालं.

शिटी वाजली. मॅडम उभ्या राहिल्या आणि हात वर केला. "उठवला तवा जिवंत होता. गुन धरले. दर्यापूरची पोट्टी जिंकली."

माईक बंद पडला. मग पंखे बंद झाले, मग पडदा विझला. भाऊ उठले, ढाल त्यांच्या ड्रायव्हरनं काखेत घातली आणि गाडीत नेऊन ठेवली. त्यांच्या मागं निम्मं कार्यालय निघून गेलं. उरलेले चुळबुळत उभे होते. कार्यालयाची माणसं भराभर खुर्च्या एकात एक घालायला लागली. एक जण मॅडमजवळ येऊन म्हणाला, "बाई, उठा. खुर्च्या मोजून द्याच्या हायेत."

"सामन्याच्या जागेवर पंच शेवटी उठते," मॅडम म्हणाल्या आणि परत बसल्या. पाठ सरळ.

तो माणूस खुर्चीच्या पाठीला हात घालणार, इतक्यात मागच्या रांगेतून शंकरकाका उठले. त्या मोकळ्या झालेल्या फरशीच्या कडेला आले, वाकून हात लावला, कपाळाला लावला, आणि चालत येऊन मॅडमच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. त्या माणसाकडे फक्त बघितलं. काकांच्या मागून चेतन गेला, मग प्रणाली, मग मी, मग आणखी काही पोरं, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती. त्या माणसानं हात काढून घेतला.

मॅडमनी सावकाश प्रणालीकडे बघितलं. तिला ढाल मिळाली नव्हती आणि मिळणारही नव्हती. रडू येईल असं तोंड झालं होतं तिचं. "पाठ," मॅडम म्हणाल्या. ती ताठ झाली. मग त्यांनी तिचा हात हातात घेऊन वर केला आणि आम्ही जेवढे होतो तेवढ्यांनी टाळ्या वाजवल्या.

स्टँडवर सोडायला आम्ही सगळेच गेलो. अमरावतीची गाडी लागलेलीच होती. मॅडम चढल्या, खिडकीशी बसल्या. खाली शंकरकाका उभे होते, टोपी हातात घेऊन.

मॅडमनीच विचारलं. "काहो ढोरे, तवा ट्रॅक्टरमंदी जागा नव्हती का?"

चेतन कोणाचा मुलगा हे सकाळपासून नाही, पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. चेतनचं आडनाव ऐकलं त्या दिवसापासून.

"जागा होती, मॅडम," काका म्हणाले. "छाती नव्हती."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी थरथरली. मॅडम खिडकीतून थोड्या बाहेर वाकल्या.

"उशीर लय केला," त्या म्हणाल्या. "पन उठवलं. गुन द्याच लागते. नियम माहाच हाय."

गाडी मागं सरकली, वळली आणि स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली. मी मॅडमना पाहिलं ते तेव्हा शेवटचं. कबड्डीला त्यांना कोणी बोलावलं नाही, हे वेगळं सांगायला नको. ड्रेसवर आता सुरकुती पडली तरी चालणार होती, परत जाताना कोण बघतंय. तरी फाटकापाशी गाडी जरा थांबली तेव्हा मला खिडकीतून नीट दिसलं. त्यांची पाठ सीटला टेकलेली नव्हती.